तिला आळशी म्हणण्यापूर्वी

मी डॉक्टर नाही. कचेरीत कारकुनी करणारा, आकडेमोडीतला माणूस. तरीही हा विषय लिहायला घेतला, कारण त्यात माझा स्वतःचा एक गुन्हा आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे पाचला उठून पाणी भरणारी माझी पत्नी सात वाजले तरी अंथरुणातून उठेना. दुपारी पाहावे तर बसल्या जागी डुलक्या. केस मूठमूठ गळत. खाणे चिमणीएवढे, पण वजन वाढतच चाललेले. आम्ही घामाने निथळत असताना ही मे महिन्यात म्हणे, पंखा बंद करा. आवाज घोगरा झाला, पाळीत अंगावरून फार जाऊ लागले आणि महिला मंडळाच्या बैठकीला सर्वांच्या आधी सतरंजी अंथरणारी बाई बैठक कोणत्या वारी हेच विसरू लागली.

शेजारच्या एका मावशींनी सुचवले, ''बाहेरचं काही असेल, एकदा देवऋषाला दाखवा.'' मी त्यांना चांगलेच खडसावले. अंधश्रद्धेवर अर्धा तास भाषणच दिले म्हणा ना! आणि त्याच रात्री जेवणाला उशीर झाला म्हणून पत्नीला म्हणालो, ''तुझ्या अंगात आळस शिरलाय.'' आता विचार करतो, मावशींच्या निदानात आणि माझ्या निदानात फरक तो काय? त्यांनी बाहेरचे म्हटले, मी आळस म्हटले. रक्त तपासावे हे दोघांनाही सुचले नाही.

ते सुचले वस्तीतल्या आरोग्य शिबिरात आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना. त्यांनी पत्नीचा सुजलेला चेहरा पाहिला, नाडी मोजली, पाण्याचा घोट गिळायला लावून गळा चाचपला आणि चिठ्ठीवर टीएसएच लिहून दिले. जिथे आकडा साधारण चार-पाचच्या आत हवा, तिथे तो साठच्या वर निघाला.

घामाची ग्रंथी आपला स्राव नळीवाटे बाहेर टाकते, लाळेची तोंडात सोडते. परंतु शरीरातल्या काही ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात. या रसाला हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका, गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, पोटात स्वादुपिंड, शिवाय स्त्रियांचे बीजांडकोष आणि पुरुषांचे वृषण. रस कमी पडला किंवा जास्त झाला की आजार आलाच. मधुमेह हाही याच कुळातला, पण त्याविषयी पुष्कळ छापून येते. थायरॉईडकडे मात्र घराघरात दुर्लक्ष होते.

टीएसएच म्हणजे काय, हे मला कचेरीमुळे लवकर कळले. पियुषिका हे मुख्य कार्यालय आणि थायरॉईड ही शाखा असे समजा. शाखेचे काम मंदावले की वरून स्मरणपत्रे सुरू होतात. ती स्मरणपत्रे म्हणजे टीएसएच. शाखा जितकी सुस्त, तितका स्मरणपत्रांचा ढीग मोठा. म्हणून टीएसएच वाढला की बहुधा थायरॉईडचा रस कमी पडलेला असतो. ''रिपोर्ट जास्त आलाय, म्हणजे थायरॉईड जास्त झालंय,'' असा उलटा अर्थ आमच्या कचेरीतले पदवीधरही लावतात. याउलट शाखा बेफाम सुटली की मुख्य कार्यालय गप्प बसते आणि टीएसएच जवळजवळ शून्यावर येतो. अशा रोग्याची भूक वाढते तरी वजन घटते, छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम फुटतो, चिडचिड होते, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. असा माणूस 'तापट' ठरतो, जसा पहिला 'आळशी' ठरतो.

हे होते कशामुळे? पुष्कळदा शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून आपल्या ग्रंथीवर हल्ला करते. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 साली असा आजार प्रथम वर्णिला, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो कितीतरी जास्त आढळतो. बाळंतपणानंतर वर्षभरातही थायरॉईड बिघडू शकते. दुसरे मोठे कारण आयोडीनची कमतरता. मोठ्या माणसाला दिवसाला अवघे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, पण तेवढेही मिळाले नाही तर ग्रंथी फुगते आणि गलगंड होतो. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवून दिले. 1962 साली गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गलगंड स्पर्शाने पसरत नाही, हे येथेच सांगून ठेवतो. मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावे. जाडे मीठ धुऊन घेण्याची चाल काही घरांत आहे, त्यात आयोडीनही वाहून जाते.

सर्वात जास्त काळजी नवजात बाळाची. साधारण हजारभर बाळांमागे एकाची थायरॉईड जन्मतःच अपुरी असते. बाळ दिसायला गुटगुटीत, शांत, फार न रडणारे, म्हणून आजी खूश! पण पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास औषध सुरू झाले नाही, तर मेंदूची वाढ खुंटते व पुढे ती भरून निघत नाही. टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घेऊन ही तपासणी होते. प्रसूतीच्या वेळी आपणच डॉक्टरांना तिच्याविषयी विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी मी वस्तीत डोळ्यांनी पाहिली. सांधेदुखीवर 'जादूची पुडी' देणारे कितीतरी जण फिरतात. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉईड कुटून घातलेले असते. दोन दिवसांत दुखणे पळते, पण काही महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल, पोट मोठे, हातपाय काटक्या, रक्तदाब आणि साखर वाढलेली. बाहेरून स्टिरॉईड मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी काम सोडून देते, म्हणून पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतते. ती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि लाज न बाळगता दाखवावी.

थायरॉईडचा इलाज मात्र सोपा आहे. 1891 साली इंग्लंडात डॉ. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन एका बाईला बरे केले, ती पुढे 28 वर्षे जगली. आज थायरॉक्सिनची गोळी मिळते, रोजचा खर्च चहाच्या कपापेक्षा कमी. पण आम्ही तीही चुकीची घेतली. पत्नी गोळी चहाबरोबर घ्यायची, वर लगेच लोहाची गोळी. दोन महिन्यांनी टीएसएच तपासला तर फारसा हललेलाच नाही. मग कळले की गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाष्टा अर्ध्या ते एक तासाने, लोह व कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने. पुढे बरे वाटते म्हणून तिने मध्येच गोळ्या सोडल्या, आणि महिन्या-दीड महिन्यात सुस्ती परत आली.

आता गोळीची बाटली तिच्या उशाशी तांब्याजवळ असते. ती गोळी घेऊन पाणी भरायला जाते, आणि अर्ध्या तासानंतरचा चहा मी करतो.