गोड्या पाण्यातला तांडेल आणि त्याचा परवाना

शिकागोला किंवा डेट्रॉइटला मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना उन्हाळ्यात एखादा दिवस तिथल्या मोठ्या सरोवरात चार्टर बोटीवर नेण्याचा बेत ठरतो. पहाटे धक्क्यावरून निघायचं, चार-सहा तास गळ टाकायचे, सामन लागला तर बर्फात घालून घरी आणायचा. बोट, गळ, आमिष सगळं कप्तानाचं. आपण पैसे मोजायचे आणि बसायचं. पण या कप्तानाकडे कोणता परवाना असायला हवा, याबद्दल बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत, आणि त्यातल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

‘तळंच ते, समुद्र थोडाच आहे!’ ही त्यातली सगळ्यात घातक. सुपीरियर सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे 82,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. 10 नोव्हेंबर 1975 रोजी याच सरोवरात ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे 222 मीटर लांबीचं मालवाहू जहाज वादळात बुडालं आणि त्यावरचे सर्व 29 जण गेले. लहान होड्यांची कथा त्याआधीची. बाहेरून आलेले एलवाइफ नावाचे मासे माजले होते, ते खाऊन टाकायला मिशिगन राज्यानं 1966 मध्ये पॅसिफिककडचे कोहो सामन आणून सोडले. पुढच्याच वर्षी कोहो एवढे मिळू लागले, की लोक हाती लागेल ती होडी घेऊन मिशिगन सरोवरात उतरले. 23 सप्टेंबर 1967 ला वारं फिरलं, लाटा उसळल्या आणि सात जण बुडून मेले. आजचा तिथला चार्टरचा धंदा त्याच सामनच्या जोरावर उभा राहिला आहे.

म्हणूनच या सरोवरांवर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्याला अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना लागतो. तो मासेमारीचा परवाना आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्याच्या परीक्षेत माशांवर एकही प्रश्न नसतो. समोरून बोट आली तर कुणी वळायचं, रात्री कोणता दिवा कशाची खूण, नकाशावर मार्ग कसा आखायचा, आग लागली तर काय करायचं, हे विचारतात. जलमार्गाच्या नियमांच्या भागात तर 90 टक्के गुण मिळाल्याशिवाय पास करत नाहीत. परीक्षेआधी बोटीवरचा 360 दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि चार तासांहून कमी वेळ पाण्यावर घालवला तर तो दिवस धरत नाहीत. शिवाय वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. परवाना पाच वर्षांचा, पुढे नूतनीकरण. आपल्या कोकणातला तांडेल लहानपणापासून पाण्यात वाढून जे शिकतो, तेच इथे कागदावर सिद्ध करावं लागतं. मला ही अट जाचक वाटत नाही.

या परवान्याला बोलीत ‘सिक्स-पॅक’ म्हणतात, कारण त्यावर सहाच प्रवासी नेता येतात. या सहाच्या आकड्यामागेही एक दुर्घटना आहे. 1 सप्टेंबर 1951 रोजी न्यूयॉर्कजवळ माँटॉकच्या समुद्रात ‘पेलिकन’ ही गळकऱ्यांनी खचाखच भरलेली बोट उलटली. 64 पैकी 45 जण मेले. त्यानंतर 1956 मध्ये कायदा झाला: सहापेक्षा जास्त प्रवासी न्यायचे तर बोटीची तटरक्षक दलाकडून तपासणी हवी. अशा बोटीच्या कप्तानाला परवानाही वरच्या दर्जाचा लागतो.

इथे आपली माणसं हमखास चुकतात. ‘सहाजणांचे पैसे दिले, सातवा फुकट येतोय, त्याचं काय?’ त्याचंही डोकं मोजलं जातं. कडेवरचं मूलही मोजलं जातं. फक्त कप्तान आणि त्याचा खलाशी त्या हिशेबात नाहीत.

सहाजणांच्या बोटीला कायद्याच्या भाषेत ‘विनातपासणी’ बोट म्हणतात. म्हणजे तिला नियमच नाहीत, असं कुणी समजू नये. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवं, आग विझवण्याचं साधन हवं, आणि निघण्याआधी या वस्तू कुठे आहेत ते कप्तानानं प्रवाशांना सांगायलाच हवं. याशिवाय राज्यांचे नियम निराळे. मिशिगनमध्ये चार्टर बोटींची तपासणी राज्य सरकारही करतं.

मित्राच्या बोटीतून गेलो आणि पेट्रोलचे पैसे वाटून घेतले, तर मित्राला परवाना लागतो का? खुशीनं प्रत्यक्ष खर्च वाटून घेतला तर नाही. पण ‘एवढे द्याल तरच नेतो’ अशी अट घातली, की ती चार्टर झाली.

शेवटची समजूत खिशाला झळ लावणारी: कप्तानाकडे परवाना आहे, मग आपल्याला नको. फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यात चार्टरचा परवाना गिऱ्हाइकांनाही पुरतो, त्यावरून हा गोंधळ होत असावा. मिशिगनमध्ये 17 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक गळ टाकणाऱ्याला स्वतःचा मासेमारी परवाना काढावा लागतो. पर्यटक म्हणून गेलेल्या आजी-आजोबांनाही. तो एका दिवसापुरताही मिळतो.

तेव्हा आगाऊ पैसे भरण्याआधी कप्तानाला तटरक्षक दलाचा परवाना दाखवायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही; चांगला कप्तान तो लगेच काढून दाखवतो. टाळाटाळ करू लागला, तर दुसरी बोट बघा.