उटीचा परिसर : लावलेली हिरवाई आणि मूळचा निसर्ग

तमिळनाडूतील उदकमंडलम् म्हणजेच उटी येथे येणारा प्रवासी प्रथम तलावाकडे वळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील हा तलाव निसर्गनिर्मित नव्हे. कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी १८२० च्या दशकात ओढे अडवून तो बांधविला. निलगिरीची उंच झाडे ऑस्ट्रेलियातून आलेली, तर चहाचे मळेही एकोणिसाव्या शतकातले. छायाचित्रांत दिसणारी बरीचशी हिरवाई अशी लावलेली आहे.

मूळचा निसर्ग पाहावयाचा तर पश्चिमेकडे पायकारा, अव्हलांच व मुकुर्ती या बाजूस जावे लागते. तेथे गवताळ टेकड्या आणि त्यांच्या घळींमध्ये दाटलेली ठेंगणी सदाहरित वने आढळतात. या वनांना ‘शोला’ म्हणतात. गवत व शोलाखालची भुसभुशीत जमीन पावसाचे पाणी शोषून घेते व कोरड्या महिन्यांत ते हळूहळू ओढ्यांना सोडते. पायकारा नदी पुढे मोयार होऊन भवानीस मिळते. वीजनिर्मिती आणि मैदानातील शेती या दोहोंना त्याचा आधार आहे. वसाहतकालीन महसूल दप्तराने मात्र हीच कुरणे पडीक ठरविली आणि त्यांवर वॅटल व निलगिरीची लागवड झाली. ज्याची बाजारात किंमत होत नाही त्याचे मूल्य शून्य धरावयाचे, ही नियोजनातील जुनीच चूक होय. तोडा समाजाच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या याच कुरणांवर चरत आल्या आहेत. निलगिरी ताहर हा डोंगरी प्राणी आणि बारा वर्षांनी फुलणारी कुरिंजीही येथलीच. सुमारे ७८ चौ. कि. मी. क्षेत्राचे मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान त्यांचे आश्रयस्थान आहे. तेथे मुक्त प्रवेश नाही, आणि ते योग्यच आहे.

पर्यटनावर येथील अनेकांची चूल पेटते, हे खरे. परंतु अरुंद घाटरस्ते, पाणी व कचरा यांवरील भार पर्यटकच वाढवितात आणि तो सोसावा लागतो रहिवाशांना. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांना ई-पास आवश्यक झाला. २०२५ च्या उन्हाळी हंगामासाठी तर दररोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली. सार्वजनिक बसगाड्या तिच्यातून वगळल्या होत्या. १९०८ साली उटीपर्यंत पोचलेली आणि २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली डोंगरी रेल्वेही मेट्टुपाळयम् येथून निघते, ४६ कि. मी. चढण्यास तिला पाचेक तास लागतात.