किमती पर्स आणि शेतातला पाइप

नागपूर-वर्धा रस्त्यावरचे केळझर हे गाव टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे बहुतेकांना ठाऊक असते. तेथील आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने दिवाळीच्या सुटीत आमच्यापुढे एक पर्स ठेवली. परदेशी राहणाऱ्या भाचीने ती हौसेने पाठवली होती. अशा नामांकित पर्सची किंमत लाखाच्या घरात जाते हे कळल्यावर बाईंनी ती वापरणेच सोडले आणि पावसाळ्यापूर्वी पॉलिथिनच्या पिशवीत घालून, चार डांबरगोळ्यांसह लोखंडी कपाटात जपून ठेवली. बाहेर काढली तेव्हा ती हाताला चिकट लागत होती, आतून कुबट वास येत होता आणि एका कोपऱ्यात बॉलपेनच्या शाईचा डाग पसरला होता. "चपलेला करतो तसे पॉलिश केले तर?" बाईंनी विचारले. डाग पेट्रोलने निघेल, असेही त्यांना कोणी सांगितले होते. यांतले काहीच करू नका, असे आम्ही म्हणालो. का, हे समजण्यासाठी प्रथम ही पर्स कशाची असते ते पाहू.

कापड आणि त्यावरचा लेप

दिसायला चामड्यासारखी असली, तरी ही पर्स मुख्यतः सुती कॅनव्हासची असते. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो. आपले जुने मेणकापड किंवा रेक्झिन याच कुळातले. पॅरिसच्या लुई व्हिताँ कंपनीची आद्याक्षरांची नक्षी १८९६ सालची. त्या नक्षीच्या कॅनव्हासवर पीव्हीसीचा, म्हणजे पॉलिव्हिनिल क्लोराइडचा लवचीक लेप १९५९ पासून येऊ लागला.

हेच पीव्हीसी शेतात पाणी नेणाऱ्या पाइपातही असते! मग पाइप कडक आणि पर्स मऊ, असे का? पीव्हीसीच्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. १९२६ साली वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला असे आढळले की, उकळबिंदू उच्च असलेल्या द्रवात पीव्हीसी तापवले तर थंड झाल्यावर ते रबरासारखे लवचीक होते. द्रवाचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात. अशा तेलकट द्रवाला 'मृदुकारक' म्हणू या.

मात्र मृदुकारक साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो केवळ मध्ये वस्तीला असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो, पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांत विरघळून निघून जातो, शेजारच्या प्लॅस्टिकमध्येही शिरतो. तो गेला की लेप ताठ होतो आणि घडीवर तडकतो. पर्सची निगा म्हणजे मुख्यतः या मृदुकारकाला जागच्या जागी ठेवणे.

बाईंचे काय चुकले?

डांबरगोळ्यांतील नॅफ्थॅलीनची वाफ मऊ पीव्हीसीत शोषली जाते व लेप आणखी मऊ, चिकट होतो. पॉलिथिनमुळे दमट हवा आत कोंडली. लेपामागचे सुती कापड म्हणजे सेल्युलोज, बुरशीचे खाद्यच. त्यातून कुबट वास आला. बॉलपेनची शाई पाण्यात नव्हे, तर सेंद्रिय द्रवांत विरघळणारी असते, त्यामुळे ती मृदुकारकाबरोबर लेपाच्या आत उतरते. पेट्रोलने डाग पुसट होईल, पण पसरेलही, आणि मृदुकारकही जाईल. पॉलिशचे म्हणाल, तर चामड्याला असतात तशी छिद्रे या लेपाला नसतात. पॉलिश आत मुरत नाही. वर राहून धूळ धरते.

साफ कशी करावी?

वाटीभर साध्या पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब टाकावेत. जुन्या सुती कापडाची चिंधी त्यात भिजवून घट्ट पिळावी आणि हलक्या हाताने पुसावे. नंतर साध्या पाण्याने ओली केलेली चिंधी, शेवटी कोरडी. धुण्याचा सोडा व ब्रश वापरू नये. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लाल होतो; घाबरू नये. अल्कलीत हळद रंग बदलते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. हळदीचा रंग प्रकाशाने विटतो, म्हणून डाग पुसून पर्स एक-दोन दिवस उजेडाच्या खिडकीशी ठेवावी, कडक उन्हात मात्र नको.

पर्स पाण्यात बुडवू तर मुळीच नये. शिवणीच्या भोकांतून पाणी कापडात शिरते आणि लेप त्याला बाहेर पडू देत नाही. हातपट्टे व काठ पुष्कळदा खऱ्या चामड्याचे असतात. पाण्याने त्यांवर काळे डाग पडतात, म्हणून ते कोरड्याच कापडाने पुसावेत. चेन अडकत असल्यास तिच्या दातांवर मेणबत्ती फिरवावी.

ठेवताना आत जुने मऊ सुती कापड भरावे, म्हणजे घडी पडत नाही. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. बाहेरून मलमलीची पिशवी असावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पर्स उघडून सावलीत वारा द्यावा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत ती पत्र्याच्या छताखाली किंवा बंद मोटारीत ठेवू नये.

काही पर्सवर पीव्हीसीऐवजी पॉलियुरेथेनचा लेप असतो. हवेतील दमटपणानेच त्याचे काही प्रकार काही वर्षांत विघटित होतात, त्यांचे पापुद्रे सुटतात. तेथे कोणतीही निगा कायमची पुरत नाही.

वर्गात करून पहा

मृदुकारकाचा प्रवास पाहायला लाखाची पर्स नको. पांढरा प्लॅस्टिकचा खोडरबर (हाही बहुधा पीव्हीसीचाच) कडक पारदर्शक पट्टीवर ठेवून वर वजन ठेवा. दुसरा खोडरबर कागदात गुंडाळून तसाच ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी काढा. पहिला पट्टीला चिकटलेला दिसेल आणि पट्टीवर खळगा पडलेला असेल. कंपासपेटीत असे घडलेले मुलांनी पाहिलेले असते. कारण त्यांनाच शोधू द्या. खोडरबराला कागदाचे वेष्टन का असते, हेही मग ती सांगतील.

केळझरच्या पर्सचा चिकटपणा दोनदा पुसून आणि आठवडाभर सावलीत वारा देऊन बराच कमी झाला, वासही गेला. शाईचा डाग राहिला आणि तो राहणारच. बाई आता ती पर्स रोज शाळेत नेतात. कपाटात कोंडण्यापेक्षा तिला हेच मानवते.