तीस सप्टेंबरचा पट आणि दिवाळीनंतरची शाळा

शाळेत मुलं किती, याचं सरकारी उत्तर 30 सप्टेंबरला ठरतं. त्या दिवशीचा पट ‘यू-डायस’ या सरकारी माहितीप्रणालीत जातो आणि त्यावरच संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते ठरतं. जूनमध्ये भरलेल्या वर्गातले प्रवेश सप्टेंबरपर्यंत स्थिरावतात, त्यामुळे पुण्या-मुंबईला ही तारीख सोयीचीच आहे. पण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या पट्ट्यात वर्षाची घडी निराळी बसते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात. कोयता जोडप्याचा असतो, त्यामुळे मागे घरात सांभाळणारं कुणी नसेल तर तान्हं मूल आणि त्याला सांभाळायला शाळेत जाणारी थोरली, दोघंही सोबत जातात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. मुलं गावात होती तेव्हा गणती झाली आणि वर्ग रिकामा झाला तो त्यानंतर. कागदावर कुणीही खोटं लिहिलेलं नसतं, तरी चित्र चुकतं.

ते आणखी चुकतं गुणवत्तेच्या बाबतीत. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण 2017 मध्ये 13 नोव्हेंबरला झालं, 2021 मध्ये 12 नोव्हेंबरला, आणि त्याच्या जागी आलेलं ‘परख’ 2024 मध्ये 4 डिसेंबरला. तिन्ही तारखा ऐन तोडणीच्या हंगामातल्या. चाचणी वर्गात हजर असलेल्यांचीच होते, म्हणजे फडावर गेलेली मुलं पटात धरली जातात आणि निकालातून गळतात. ज्यांचं शिक्षण सर्वांत अडखळत चाललंय, तीच नेमकी जिल्ह्याच्या सरासरीत नसतात! ‘प्रथम’ संस्थेचं 2005 पासूनचं ‘असर’ सर्वेक्षण शाळेऐवजी घरी जाऊन मुलाला वाचायला लावतं, हे मोठंच पाऊल. पण कुलूप लागलेलं घर त्यालाही उत्तर देत नाही.

हीच ‘असर’ पद्धत 2009 मध्ये ‘उवेझो’ या नावानं केनिया, टांझानिया आणि युगांडात पोहोचली. अनेक आफ्रिकी देशांत शिक्षणाचे अहवाल वर्षानुवर्षं कर्ज आणि अनुदानासोबत आलेल्या सल्लागारांनी लिहिले. ‘उवेझो’मुळे तिथलेच स्वयंसेवक घरोघरी जाऊन आपल्या मुलांना काय येतं ते मोजू लागले आणि सरकारला प्रश्न विचारायला त्यांच्या हाती स्वतःचे आकडे आले. आपण मात्र या बाबतीत स्वतःला पुढचे समजून निवांत असतो. त्या देशांना जसं वॉशिंग्टन, तसं नांदूरघाटला पुणं: माहिती इथून वर जाते आणि अर्थ तिथे लागतो. वास्तविक 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे ‘डाएट’च्या, मूळ आराखड्यात सात विभाग होते, त्यांतला एक नियोजन आणि व्यवस्थापनाचा. बीडची ही संस्था अंबाजोगाईला, म्हणजे जिल्ह्यातच आहे. जिल्ह्याच्या आकड्यांचा अर्थ जिल्ह्यातच लावणं हे अशा संस्थेचंच काम. पण एकूणच ‘डाएट’ म्हटलं की आपल्याला आठवतात ती शिक्षकांची प्रशिक्षणं.

मोजणं आणि अर्थ लावणं शाळेकडे आणि जिल्ह्याकडेच सोपवायचं म्हटलं, की पहिला आक्षेप हितसंबंधांचा. पटावर ज्याचं पद अवलंबून, त्यालाच मोजायला सांगायचं? शंका रास्त आहे. ऑक्टोबर 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीत फुगवलेले पट उघडे पडलेच होते. मात्र ते पट फुगत होते तेव्हाही माहिती वर पाठवायची पद्धत हीच होती. ती गावाला वाचून दाखवायची सोय नव्हती. कुणाचं दार बंद आहे हे गावाला ठाऊक असतं, यादी ग्रामसभेत वाचली तर फसवणूक अवघड होईल. दुसरा आक्षेप असा, की विश्लेषणाला तज्ज्ञ लागतात. नमुना निवडायला लागतात, हे खरं. पण आई-बाप तोडणीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठी कुठलं कुटुंब जाणार आणि कुठलं मूल आजीजवळ राहणार, याची यादी शिक्षक आजही करतात. गाव सोडणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्डावर त्याची इयत्ता आणि प्रगती लिहून देतात. पण वसतिगृहाला मंजुरी मिळाली की ती यादी फाइलमध्ये जाते. तिच्या शेजारी जानेवारीची हजेरी आणि मूल परतल्याची तारीख असे दोन रकाने वाढवले, केंद्रप्रमुखानं ते अंबाजोगाईला पोचवले, तर वसतिगृह कुठे हवं, परतलेल्यांसाठी एप्रिलमध्ये वेगळे वर्ग कुठे लागतील, हे जिल्ह्यालाच ठरवता येईल. आणि 30 सप्टेंबरच्या जोडीला ऊसतोडीच्या जिल्ह्यांसाठी दुसरी गणती का नको, हे मंत्रालयाला आकड्यांनिशी विचारता येईल.