फोर्क सोपं, वेट महत्त्वाचं

नेरळ आणि कर्जतच्या मधल्या भिवपुरी रोड स्टेशनावर उतरणाऱ्यांत अभियांत्रिकीची मुलंही असतात. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला ‘फोर्क’ आणि ‘वेट’ ही जोडी ठरलेली. फोर्क चटकन कळतं. घोळ होतो तो वेटपाशी.

लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमने फोर्क केलं की त्याची जवळपास हुबेहूब प्रत, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, तयार होते. टर्मिनलवर ‘एलएस’ टाइप केल्यावर शेल हेच करतो: चाइल्ड काढतो, तिच्याकडून काम करवून घेतो आणि स्वतः वेटमध्ये थांबतो. या थांबण्यात सीपीयू खर्ची पडत नाही. कर्नल पालकाला, म्हणजे फोर्क करणाऱ्या प्रोसेसला, झोपवतो, चाइल्ड संपली की उठवतो. तेव्हा हाती येतो तिचा क्रमांक आणि निकाल: ० म्हणजे काम फत्ते, दुसरा आकडा म्हणजे बहुधा काहीतरी बिघडलं.

पालकाने वेट केलंच नाही तर? चाइल्डची मेमरी सुटते, पण निकालासकट तिची नोंद कर्नलच्या तक्त्यात अडकून राहते. ‘पीएस’च्या यादीत तिच्यापुढे ‘झेड’ दिसतो, म्हणजे झोंबी. ‘किल -९’ तिथे निरुपयोगी, कारण ती आधीच संपलेली असते. अशा नोंदी साचल्या की नव्या प्रोसेसला क्रमांकच उरत नाहीत. दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर हा खरा धोका आहे. पालकच संपला, तर सहसा १ क्रमांकाची प्रोसेस पोरक्या चाइल्डला दत्तक घेते आणि नोंद मिटवते.

हातातलं काम न थांबवता चौकशी करायची, तर वेटच्याच ‘वेटपिड’ या रूपाला ‘डब्ल्यूनोहँग’ हा पर्याय द्यावा. कुणी संपलं नसेल तर ते लगेच ० घेऊन परततं. प्रॅक्टिकलमध्ये हेही करून पाहायलाच हवं.