चाराच्या झाडाची ओळख डीएनएतून

श्रीखंडावर पेरली जाणारी चारोळी मुख्यतः रानातून येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या सागाच्या जंगलात चाराची झाडे विखुरलेली असतात. उन्हाळ्यात त्यांची काळपट फळे पिकतात. वरचा आंबटगोड गर काढला की आत टणक कवचाची बी उरते. ती वाळवून, जात्यावर हलक्या हाताने भरडून चारोळीचा दाणा सोडवला जातो. आंबा, काजू आणि गोडंबी देणारा बिबा ही सगळी चाराच्याच कुळातली झाडे.

शेजारी उभी असलेली चाराची दोन झाडे दिसायला सारखी असली तरी जनुकांनी बरीच वेगळी असू शकतात. हा फरक मोजण्यासाठी डीएनएमधल्या खुणा, म्हणजे मार्कर, वापरतात. त्यांतला ‘मायक्रोसॅटेलाइट’ हा प्रकार फार उपयोगी आहे. डीएनएच्या काही जागी ‘एजी-एजी-एजी’ अशी अक्षरजोडी सलग येते. एका झाडात ती 12 वेळा, तर दुसऱ्यात 15 वेळा. प्रत्येक झाडाकडे अशा जागेच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. त्यामुळे झाडांचे नातेही उलगडते.

अशी खूण शोधणे चिकाटीचे काम आहे. आधी कोवळे पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कुटतात. या कुळातल्या पानांत टॅनिन भरपूर असल्याने डीएनए तपकिरी आणि चिकट होऊन बसतो. तो स्वच्छ करण्यातच बरीच मेहनत जाते. मग त्याचे तुकडे यंत्रावर वाचून संगणकाने पुनरावृत्तीच्या जागा हुडकतात. अशा जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटतील असे सुमारे 20 अक्षरांचे ‘प्रायमर’ तयार करून पीसीआर या तंत्राने तेवढ्याच तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात आणि त्याची लांबी मोजतात. काही प्रायमर चालतच नाहीत, काही सर्व झाडांत एकच लांबी दाखवतात. ते बाद करून उरतील तेच मार्कर. आंब्यासाठी किंवा काजूसाठी बनवलेले प्रायमरही चारावर तपासून पाहता येतात. जमले तर खर्च वाचतो.

वेंगुर्ला संशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला-4’ किंवा ‘वेंगुर्ला-7’ काजूची कलमे एकाच वाणाची असल्याने त्यांची खूण जुळायलाच हवी. न जुळल्यास कलमात भेसळ आहे हे कळते. चाराचे उलट आहे. तिथे विविधता हीच ठेव आहे, आणि ती झपाट्याने निसटू शकते. दुसऱ्याने नेऊ नये म्हणून फळे कच्चीच तोडली जातात, कधी फांद्याच छाटल्या जातात. मग रुजायला बी उरत नाही. रोपवाटिकेने दोन-चार झाडांचेच बी घेतले तर रोपे हजारो दिसतील, पण ती भावंडेच असतील. म्हणून बी कोणत्या रानातून, किती झाडांवरून घ्यायचे हे मार्करच्या आधारे ठरवणे गरजेचे आहे.

दाणा कोणत्या झाडाचा मोठा, हे मात्र मायक्रोसॅटेलाइट सहसा सांगत नाही. त्यासाठी फळे मोजावी, दाणे तोलावे लागतात, आणि वर्षानुवर्षे त्याच झाडांची फळे वेचणाऱ्या बायांना विचारून त्या झाडांची नोंद पानांच्या नमुन्यासोबतच करावी लागते.