काठावरचे तीन किलो

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारच्या 1798 घन सेंटिमीटर, चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात एकाच सिलिंडरमधील इंधन पेटते. त्यामुळे शाफ्टला जोर सलग न मिळता धक्क्याधक्क्याने मिळतो. हे धक्के पोटात घेऊन फिरण्याची गती शक्य तितकी सारखी राखण्याचे काम शाफ्टच्या टोकाला बसवलेली जड चकती, म्हणजेच फ्लायव्हील किंवा प्रचक्र, करते. क्लच प्लेट याच चकतीवर दाबली जाते आणि स्टार्टरचे दाते तिच्या घेरावरील दातेरी कड्यात अडकतात.

प्रचक्र हलके केल्याने इंजिनाची शक्ती वाढते, हा समज मात्र खरा नाही. वेग वाढवताना जी शक्ती चकतीला फिरवण्यात खर्च होते, तिचा काही भाग गाडी पुढे नेण्यासाठी मोकळा होतो, इतकेच. हा लाभ किती, हे धातू कोठून काढला यावर ठरते, कारण फिरण्यातील जडत्व केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. केंद्रापासून 13 सेंटिमीटरवरील 3 किलो धातू काढला आणि चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर इंजिनाचे सुमारे 14 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होणाऱ्या पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडी जणू 110 किलोंनी हलकी होते, सुमारे 3.9 फेऱ्यांच्या चौथ्या गिअरमध्ये मात्र हीच बचत जेमतेम साडेआठ किलोंइतकी उरते.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. साठवलेली ऊर्जा कमी झाल्याने गाडी उभी असताना इंजिन थरथरते आणि चढावर निघताना ते सहज बंद पडते. त्याहून गंभीर प्रश्न बिडाच्या प्रचक्राचा आहे. बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते ताण फारसे सोसत नाही, आणि फेरे दुप्पट झाले की चकतीतील ताण चौपट होतो. म्हणून लेथवर नको तितके कातलेले प्रचक्र फुटल्यास त्याचे तुकडे चालकाच्या पायांपर्यंत पोहोचू शकतात. शर्यतीसाठी पोलादी, किंवा क्लचच्या घर्षणासाठी पोलादी तबकडी जोडलेले अ‍ॅल्युमिनियमचे प्रचक्र निवडतात ते यामुळेच, आणि कोणतेही प्रचक्र बसवण्यापूर्वी त्याचा तोल यंत्रावर फिरवून तपासणे अत्यावश्यक असते. रस्त्यावरच्या गाडीत मात्र काठावरचा थोडा धातू काढून थांबणे हेच शहाणपणाचे ठरते.